गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर सस्पेन्शनची काळजी कशी घ्यायची

गाडी बराच काळ उभी ठेवायची म्हटली की बहुतेकांना एकच धास्ती असते: एवढं वजन रात्रंदिवस अंगावर घेऊन स्प्रिंगा बसतील. मग कुणी चारही चाकं जॅकवर उचलून अधांतरी ठेवतं, कुणी टाकी रिकामी करतं, कुणी दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन सुरू करून समाधान मानतं. यातल्या बऱ्याच गोष्टींचा उपयोग होत नाही आणि एक तर सरळ नुकसान करते. उभ्या गाडीच्या सस्पेन्शनला, म्हणजे चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या स्प्रिंगा, शॉकअप आणि सांध्यांना, वजन फारसं छळत नाही. छळतात त्या दोन गोष्टी: ओल आणि हालचालीचा अभाव. ओलीने लोखंड गंजतं, हालचाल थांबली की रबर आणि सील आळसतात. हे एकदा ध्यानात घेतलं की काय करायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे आपोआप ठरतं.

स्प्रिंग बसते का?

साधारण १,२०० किलोची गाडी धरा. इंजिन पुढे असेल तर वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो. म्हणजे पुढे प्रत्येकी ३५० किलोच्या आसपास आणि मागे प्रत्येकी अडीचशे. स्प्रिंग बनवताना हा भार गृहीत धरलेलाच असतो. उभ्या गाडीत स्प्रिंगच्या पोलादावर येणारा ताण त्याच्या लवचीकतेच्या मर्यादेच्या बराच खाली असतो. शिवाय कारखान्यातच स्प्रिंग पूर्ण दाबून सोडतात, म्हणजे जे काही बसायचं ते तिथेच बसून घेतं.

स्प्रिंग थकते ती दाबून ठेवल्याने नाही, पुन्हा पुन्हा दबल्याने. चालत्या गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. म्हणजे तासाभराच्या प्रवासात काही हजार हेलकावे होतात, आणि खड्ड्यात चाक आदळतं तेव्हाचा भार उभ्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. या हिशेबात उभी गाडी म्हणजे स्प्रिंगला विश्रांतीच. टाकी रिकामी करण्याचीही गरज नाही. ४५ लिटर पेट्रोलचं वजन ३३-३४ किलो भरतं, मागच्या सीटवर एक लहान मूल बसल्याइतकं. डिक्कीत मात्र सिमेंटची पोती किंवा पुस्तकांची खोकी भरून गाडी वर्षभर ठेवू नका. जास्तीच्या वजनाने मागचे बुश, म्हणजे सांध्यांमधले रबरी तुकडे, सतत वाकलेल्या अवस्थेत राहतात, आणि ते स्प्रिंगपेक्षा नाजूक असतात.

स्प्रिंगचा खरा शत्रू गंज. तिच्यावर रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर असतो. रस्त्यावरच्या खडीने त्याचे टवके उडतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खालचा शेवटचा वेढा, जिथे स्प्रिंग वाटीत बसते. तिथे माती साचते, पाणी आत जायला वाट असते आणि बाहेर यायला नसते. वाटीला पाणी निघण्यासाठी भोक ठेवलेलं असतं, पण तेच चिखलाने बुजलेलं असतं. अशा जागी गंजाचा बारीक खड्डा पडला की पुढे गाडी चालायला लागल्यावर स्प्रिंग नेमकी तिथून मोडते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची स्प्रिंग मोडली तर दोष वजनाला देऊ नका, त्या वाटीतल्या मातीला द्या.

बाकीच्या भागांचं काय होतं

शॉकअप म्हणजे शॉक अब्सॉर्बर, स्प्रिंगचे हेलकावे आवरणारी तेलाची नळी. त्याचा पोलादी दांडा हार्ड क्रोमच्या मुलाम्याचा असतो, आरशासारखा चकचकीत. गाडी उभी असताना त्याचा काही भाग नळीत तेलात असतो आणि काही भाग बाहेर हवेत. चालत्या गाडीत दांडा सतत आत-बाहेर होतो, तेल अडवणाऱ्या रबरी सीलमधून जाताना त्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि तो थरच त्याचं रक्षण करतो. गाडी थांबली की हा थर हळूहळू सुकतो. क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. दमट हवेत त्यांतून खालच्या लोखंडापर्यंत ओल पोचते आणि टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटतात. उभ्या गाडीत हे ठिपके काहीच करत नाहीत. सहा महिन्यांनी गाडी पहिल्यांदा खड्ड्यात जाते, दांडा आत घुसतो, आणि ते खरखरीत ठिपके सीलची ओठासारखी कड घासून टाकतात. पंधरवड्याने शॉकअप तेलाने ओला दिसतो. लोक म्हणतात, उभ्या-उभ्या लीक झाला. बिघाडाची तयारी उभ्या-उभ्या झाली हे खरं, पण सील फाटला चालायला लागल्यावर.

दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर वायूही असतो. बराच काळ स्थिर राहिल्यावर आतल्या, कामाच्या नळीत वरच्या बाजूला वायूचे बुडबुडे जमू शकतात, त्यामुळे सुरुवातीचे काही धक्के पोकळ वाटतात. थोडं चाललं की हे निघून जातं. तेवढ्यावरून शॉकअप बदलायला धावू नका.

आता बुश. सस्पेन्शनचा आर्म म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा. त्याच्या टोकाला दोन धातूच्या नळ्यांमध्ये रबर चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने गच्च आवळलेली असते, ती फिरत नाही; आर्म वरखाली होतो तेव्हा रबरच पिळलं जातं आणि परत येतं. म्हणूनच गॅरेजमध्ये चांगला कारागीर आर्मचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळतो, अधांतरी असताना नाही. चाकांवर उभ्या गाडीत बुश जवळजवळ पिळाविना असतो. चाकं लोंबकळत सोडली की तोच बुश पिळून धरलेल्या फडक्यासारखा राहतो, तोही महिनोन्‌महिने. सुरुवातीला मी म्हटलं तसं सरळ नुकसान करणारी गोष्ट हीच. स्प्रिंग वाचवायला म्हणून गाडी उचलायची आणि बुश खराब करायचे, असा हा उलटा व्यवहार. वर आणखी, चाकं लोंबकळली की शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर येतो आणि गंज धरायला जास्त लांबी मिळते.

रबराला दुसरा त्रास ओझोनचा. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर हल्ला करतो आणि ताणाला आडव्या बारीक चिरा पाडतो. त्यासाठी रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. रबर हललं, दबलं की ते पृष्ठभागावर येतात आणि कवच तयार होतं. टायरच्या बाबतीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं: रोज फिरणाऱ्या गाडीचा टायर ताजा दिसतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या टायरच्या बाजूला चिरा दिसतात.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाकाला आर्मशी आणि स्टेअरिंगशी जोडणारे गोळीचे सांधे, यांत ग्रीस असतं, वर रबरी टोपी असते. टोपी धड असेल तर आत काही होत नाही. टोपीला चीर असेल तर आत गेलेलं पाणी तिथेच मुक्काम करतं. चालत्या गाडीत ग्रीस पसरत राहतं, उभ्या गाडीत पाणी एकाच जागी बसून गोळी गंजवतं. त्यामुळे गाडी ठेवण्याआधी टोप्या तपासणं हे दहा मिनिटांचं काम टाळू नये.

चाकांच्या बेअरिंगला उभं राहण्याने सहसा काही होत नाही, पण एक अपवाद आहे. गाडी ज्या जागी उभी आहे तिथे सतत कंप असेल, म्हणजे शेजारून रेल्वे जाते किंवा अवजड यंत्र चालतं, तर बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी सूक्ष्म घासत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि खाचा पडतात. १९३० च्या दशकात हा प्रकार मोटार उद्योगाच्या नजरेत आला तो रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांमुळे: गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधीच बेअरिंग खराब झालेले असत.

टायर हा सस्पेन्शनचा भाग मानत नाहीत, पण या विषयात तो मानावाच लागतो. एकाच जागी दबून टायरचा तळ चपटा होतो. काही आठवड्यांचा चपटेपणा अर्ध्या तासाच्या प्रवासात टायर गरम होऊन निघून जातो. हवा कमी असताना अनेक महिने गेले तर तो कायमचा होतो. त्या टायरचा थरथराट स्टेअरिंगमध्ये येतो आणि लोक आर्म, बुश, शॉकअप सगळं बदलून मोकळे होतात.

किती दिवस म्हणजे जास्त दिवस?

दोन-तीन आठवड्यांसाठी काहीही करू नका. हवा बघा, गाडी कोरड्या जागी लावा, बस्स. एक ते तीन महिन्यांसाठी धुणं, हवा वाढवणं आणि जागा नीट निवडणं एवढं पुरतं. तीन महिन्यांच्या पुढे खाली सांगितलेलं सगळं करण्यात अर्थ आहे, आणि वर्ष ओलांडणार असेल तर कुणीतरी अधूनमधून गाडी हलवेल अशी सोय केल्याशिवाय ती ठेवू नका. ही मुदत सरसकट नाही. समुद्रकाठच्या खारट हवेत किंवा बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात प्रत्येक टप्पा निम्म्यावर आणा. कोरड्या बंद गॅरेजात थोडं सैल सोडलं तरी चालेल.

ठेवण्याआधी: खालची बाजू धुवा, आणि मग गाडी चालवा

बहुतेक लोक ठेवण्याआधी गाडी वरून चकाचक करतात. वरचा रंग महिनोन्‌महिने सहज टिकतो. धुवायची आहे ती खालची बाजू. चाकांच्या कमानींच्या आतली बाजू, स्प्रिंगची खालची वाटी, आर्मचे कोपरे, मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा सपाट भाग, जिथे जिथे माती बसते तिथे साध्या पाइपने भरपूर पाणी मारा. जोराचा फवारा असेल तर रबरी टोप्यांवर आणि सीलवर जवळून मारू नका. पाणी आत ढकललं जातं. स्प्रिंगच्या वाटीचं भोक काडीने मोकळं करा. बोट घालून पाहिलं की कळतं: वाळूमिश्रित काळा चिखल निघतो, कधी सुकी पानंही.

धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका. किमान १५-२० किलोमीटर चालवा. वाऱ्याने पाणी निघतं, ब्रेक गरम होऊन सुकतात, शॉकअपच्या दांड्यावर ताजं तेल येतं. धुऊन लगेच कव्हर घातलेली गाडी न धुतलेल्या गाडीपेक्षा जास्त गंजते.

गाडी सुकल्यावर स्प्रिंग, आर्म आणि बोल्टच्या डोक्यांवर मेणाचा किंवा लॅनोलिनचा गंजरोधक फवारा मारायला हरकत नाही. ब्रेकची डिस्क, पॅड, सायलेन्सरचा पाइप आणि रबर यांच्यापासून तो दूर ठेवा. जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल खालून फवारण्याची पद्धत अजून दिसते. कृपा करून ते करू नका. खनिज तेलाने बुशचं रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं, तेलावर धूळ चिकटते आणि जमिनीवर गळतं ते वेगळंच. रबराला काही लावायचंच असेल तर फक्त सिलिकॉनचं.

शॉकअपचा दांडा दिसत असेल तर मऊ कोरड्या फडक्याने पुसा. सँडपेपर त्याच्या आसपासही नेऊ नका, आणि ग्रीसचा लेप नको. ग्रीसला चिकटलेली वाळू पुढे सीलमध्येच जाते.

उंची मोजून ठेवा

हे काम कुणी करत नाही आणि नंतर सगळ्यांना वाटतं की करायला हवं होतं. सपाट जागी गाडी उभी करा. प्रत्येक कोपरा हाताने दोन-तीनदा दाबून सोडा, मग गाडी थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे टायर जमिनीला अडकून सस्पेन्शन अर्धवट ताणलेलं राहत नाही. आता चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेप लावून आकडे लिहा. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेचा फरक त्यात मिसळतो, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच. सोबत शॉकअप, टोप्या आणि स्प्रिंगच्या तळाचे फोटो काढून ठेवा. नंतर ‘आधीपासून असंच होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खिशात असेल.

जागा आणि उभं करण्याची पद्धत

छप्पर असलेली, वारा खेळणारी, कडक जमिनीची जागा सगळ्यात चांगली. गवत आणि उघडी माती सगळ्यात वाईट, कारण जमिनीतली ओल वाफ होऊन थेट गाडीच्या पोटाला लागते आणि गाडीखाली ऊन पोचत नसल्याने सुकत नाही. दुसरा इलाजच नसेल तर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, चाकांखाली प्लायवूडचे तुकडे ठेवा आणि त्यावर गाडी घ्या. कव्हर हवं असेल तर श्वास घेणारं, कापडी. प्लास्टिकचं कव्हर आतल्या बाजूने घामेजतं.

एक चाक फूटपाथवर आणि बाकी खाली, अशी गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका. एक चाक १०-१५ सेंटिमीटर वर गेलं की डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळला जातो, त्याच्या लिंक आणि बुश सतत ताणाखाली राहतात, आणि वजन तिरप्या रेषेतल्या दोन चाकांवर जास्त येतं. उतारही टाळा.

स्टेअरिंग सरळ ठेवा. चाकं वळलेली असली की ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आणि स्टेअरिंगच्या रबरी टोप्या एका बाजूने दुमडतात, दुसऱ्या बाजूने ताणल्या जातात, आणि ताणलेल्या बाजूला ओझोन चिरा पाडतो. पार्क करताना शेवटचं वळण झाल्यावर गाडी हातभर सरळ पुढे घ्या, म्हणजे टायर आणि आर्ममधला अडकलेला ताण सुटतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक इंजिन बंद करताना आपोआप लागतो अशा गाड्यांत तो सोडून ठेवायची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

टायरमधली हवा महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय आपसूक कमी होते. पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेला आकडा घ्या आणि वर काही पीएसआय जास्त भरा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. परत चालवण्याआधी हवा नेहमीच्या आकड्यावर आणायची, हे कागदावर लिहून स्टेअरिंगला चिकटवा.

उंदरांचा बंदोबस्तही करा. त्यांना टोप्यांचं रबर आवडतं आणि स्प्रिंगची वाटी घरट्याला सोयीची वाटते. गाडीत खाण्याचा कण ठेवू नका आणि आसपास पालापाचोळा साचू देऊ नका.

गाडी घोड्यांवर घ्यायची का?

घोड्या म्हणजे गाडी उचलून ज्यांवर टेकवतात ते लोखंडी स्टँड. माझं मत: घेऊ नका, जोवर खरोखर सहा महिन्यांच्या वर गाडीला कुणीही हात लावणार नाही अशी स्थिती नाही. चांगली हवा भरलेल्या टायरवर उभी राहून अधूनमधून हलणारी गाडी घोड्यांवरच्या गाडीपेक्षा सुस्थितीत राहते.

घ्यायचीच झाली तर सस्पेन्शन लोंबकळू देऊ नका. पुस्तिका परवानगी देत असेल तर घोडी लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटच्या जवळ, किंवा मागच्या अ‍ॅक्सलखाली लावा, म्हणजे स्प्रिंग दबलेली राहते आणि बुश आपल्या नेहमीच्या जागी राहतात. काही गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलवर जॅक लावायला सक्त मनाई असते, तेव्हा आधी वाचा. बॉडीच्या ठरलेल्या जागांखालीच घोड्या लावाव्या लागल्या तर गाडी गरजेपुरतीच उचला आणि प्रत्येक चाकाखाली जाड लाकडी फळ्या रचा, इतक्या की चाक त्यांवर टेकेल आणि वजनाचा काही भाग घेईल.

घोड्या फक्त कडक, सपाट जमिनीवर. डांबर उन्हात मऊ होतं आणि पाय खचतात, म्हणून खाली जाड प्लायवूड. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही, कुठल्याही कारणाने शिरू नका. घोड्या लावल्यावरही आधी गाडी हाताने जोरात हलवून बघा.

मधल्या काळात

दोन-तीन आठवड्यांनी एकदा १५-२० किलोमीटरची फेरी हा सगळ्यात चांगला उपाय. बुश हलतात, दांड्यावर तेल येतं, डिस्कवरचा गंज जातो, बॅटरी भरते, टायर गोल होतात. नुसतं इंजिन पाच मिनिटं चालवण्याने सस्पेन्शनला शून्य फायदा, आणि इंजिनमध्ये व सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते निराळं.

बाहेर नेणं शक्य नसेल तर दोन गोष्टी करा. गाडी हात-दीड हात पुढे ढकला, जेणेकरून चाक पाव फेरा फिरेल आणि टायरचा दुसरा भाग जमिनीवर येईल. मग चारही कोपऱ्यांवर जाऊन फेंडरच्या वर, पत्रा चेपणार नाही अशा कडक जागी तळहात ठेवून, शरीराचं वजन टाकून गाडी पाच-सहा वेळा दाबा आणि सोडा. तेवढ्यात दांडा काही सेंटिमीटर आत जाऊन येतो, त्यावर तेलाचा ताजा थर बसतो, सीलची कड जागची हलते. गाडी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला किल्ली देताना हे दाखवून ठेवा. गाडी चालवता न येणाऱ्या माणसालाही हे जमतं.

हवेवर चालणारं सस्पेन्शन

स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असलेल्या गाड्या उभ्या-उभ्या खाली बसतात. काही दिवसांत एखादा कोपरा जमिनीकडे झुकला तर पिशवीतून, व्हॉल्व्हमधून किंवा पाइपच्या जोडातून हवा जाते आहे असं समजा आणि गाडी ठेवण्याआधी दुरुस्त करा. पूर्ण बसलेल्या गाडीत पिशवीचं रबर चुकीच्या जागी दुमडतं आणि त्या घडीवर चिरा पडतात. काही गाड्या बंद असतानाही उंची सावरत राहतात आणि बॅटरी संपवतात, त्यामुळे अशा गाडीला बॅटरीचा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावणं फायद्याचं. जॅक लावण्याआधी पुस्तिकेत दिलेला जॅक मोड, म्हणजे उंची आपोआप सावरणं थांबवणारी सोय, सुरू करा. आणि बसलेली गाडी तशीच कधीही ओढू किंवा चालवू नका: इंजिन सुरू करा, चारही कोपरे वर येऊ द्या, साबणाचं पाणी मारून जोडांवर बुडबुडे येतात का ते पाहा, मगच हलवा.

तेल आणि नायट्रोजनवर चालणारं हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन, जे १९५५ च्या सिट्रोएन डीएसने प्रसिद्ध केलं, त्यात उभ्या गाडीने खाली बसणं हा बिघाड नाही. इंजिन सुरू झालं की ती पुन्हा उठते.

परत सुरू करताना

घाई करू नका. पहिला अर्धा तास गाडी जागेवरच राहू द्या.

आधी खाली वाकून टॉर्चने बघा. शॉकअपवर धुळकट, किंचित तेलकट झाक असेल तर ठीक. ओला ओघळ खालपर्यंत आला असेल तर सील गेला. स्प्रिंगचा खालचा वेढा नखाने चाचपा. पापुद्रे सुटत असतील किंवा टोक तुटलेलं असेल तर गाडी चालवू नका, मोडलेलं टोक टायर कापू शकतं. टोप्या दाबून पाहा. घरटं, पानं, कुरतडलेल्या वायरी काढा.

मग हवा नेहमीच्या आकड्यावर आणा आणि उंची मोजा, आधीसारखीच दाबून आणि ढकलून. डाव्या-उजव्या बाजूत किंवा जुन्या आकड्याशी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलायचाच.

आता प्रत्येक कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन फार तर एखादा हेलकावा घेऊन थांबली पाहिजे. पहिले तीन-चार दाब मोजू नका, ते बुडबुडे बाहेर काढण्यासाठी.

ब्रेक पेडल कडक आहे ना ते जागेवर तपासा. गाडी हलताना ‘खट्’ असा एक आवाज येऊन ब्रेक सुटणं स्वाभाविक आहे. पहिले काही किलोमीटर ३० च्या आत, मोकळ्या रस्त्यावर, हलके ब्रेक मारत. खड्डे मुद्दाम टाळा, कारण याच वेळी दांड्यावरचे ठिपके सीलला भिडतात. मग वेग हळूहळू वाढवून २० किलोमीटर पूर्ण करा आणि थांबून शॉकअप पुन्हा बघा.

या फेरीत आवाज नीट ऐका. स्पीडब्रेकरवर करकर येत असेल तर बहुधा कोरडा पडलेला बुश. संशय असलेल्या बुशवर पाणी मारा. आवाज तेवढ्यापुरता गेला तर दोषी सापडला. असे आवाज आठवड्याभरात बरेचदा आपणहून जातात. छोट्या खड्ड्यांवर सुटं खट्‌खट् वाजलं तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा बॉल जॉइंट, आणि हे आपणहून जात नाही. स्टेअरिंग फिरवताना ‘टण्’ असा आवाज आला तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग आखडलंय. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची. आणि ६०-८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, पण अर्ध्या तासाने कमी होतं, तर ते चपटे झालेले टायर आहेत. कमी झालं नाही तर टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर तपासून घ्या, आर्म खोलायला नंतर सांगा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी हीच तपासणी जास्त मोलाची आहे. पाच वर्षांची, जेमतेम आठ हजार किलोमीटर चाललेली गाडी कागदावर मोहक दिसते, पण रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही, कॅलेंडरने होतं. अशा गाडीचा भाव ठरवताना बुश, टोप्या आणि टायर बदलावे लागतील असं धरूनच बोला.

गॅरेजमध्ये गेलात तर

गाडी किती महिने, कुठल्या जमिनीवर आणि चाकांवर की घोड्यांवर उभी होती हे आधी सांगा; कारागिराची निम्मी शोधाशोध वाचते. शॉकअप किंवा स्प्रिंग बदलायची वेळ आली तर त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंची बदला. एक नवी आणि एक जुनी असली की गाडी ब्रेकला आणि वळणाला दोन्ही बाजूंनी वेगळी वागते. आर्म किंवा बुश बदलले तर बोल्ट गाडी चाकांवर असतानाच आवळले जाताहेत ना, ते तिथे उभं राहून पाहा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या, आणि चाकं काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्ह्याने तपासा.